पांढऱ्या समुद्रशोकाच्या मागावर

नोकरीची सगळी वर्षं मी झाडं वाळवण्यात घालवली. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण लग्नकार्यात चारचौघांत सांगायला फार अवघड. आमच्या सौभाग्यवतींना कुणी विचारलं, "तुमचे हे काय करतात हो?" तर ती "कॉलेजात आहेत" एवढंच म्हणायची आणि लगेच मठ्ठ्याची तारीफ सुरू करायची. कॉलेजात म्हणजे प्रोफेसर की शिपाई, हा प्रश्न समोरच्या बाईच्या ओठावर येईपर्यंत मठ्ठ्याची दुसरी वाटी आलेली असायची. खरं तर मी दोहोंच्या मधला कुणीतरी होतो. मुंबईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या खोलीत सुक्या झाडांची कपाटं होती. ती भरायची आणि राखायची, हे माझं काम.

ज्यांनी हा धंदा कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी जरा खुलासा करतो. रानात जायचं, फुलावर आलेली फांदी कापायची, टीपकागद आणि जुनी वर्तमानपत्रं यांच्या थरांत ती निजवायची, वरखाली लाकडी जाळीच्या फळ्या लावून पट्ट्याने करकचून आवळायची. दुसऱ्या दिवशी ओले कागद काढून कोरडे घालायचे. मग पुन्हा तेच. कोकणातल्या दमट हवेत हा कुटाणा संपता संपत नाही. कागद वाळत घालायला मी लोकांची अंगणं मागून घेत असे, त्यामुळे बोंबील आणि माझे टीपकागद पुष्कळदा शेजारी शेजारी सुकत. कॉलेजात गठ्ठा सोडला की आमचे प्रोफेसर नाकाला रुमाल लावून म्हणत, "या खेपेला थळला मुक्काम होता वाटतं." वाळलेली फांदी मग जाड कागदावर दोऱ्याने टाचायची. कोपऱ्यात गाव, महिना आणि फुलाचा ताजा रंग लिहून ठेवायचा, कारण रंग उडतो. आणि एक नेम कधी मोडायचा नाही: फांदीवरचं निदान एक पान उलटं करून टाचायचं. झाडाची ओळख पुष्कळदा पानाच्या पाठीवर असते.

माझी उमेदीची वर्षं ज्या प्रजातीमागे गेली तिची तर सगळी दौलत पाठीवरच आहे. शास्त्रात तिला आर्जिरिया म्हणतात. ग्रीक भाषेत चांदीला जो शब्द आहे त्यावरून हे नाव आलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असला प्रकार वनस्पतींच्या नावांत भरपूर चालतो, पण इथे नाव अगदी खरं आहे. पानाच्या खालच्या अंगाला दाट रेशमी लव असते आणि ती ऊन धरून ठेवते. वारा आला की अख्खी वेल क्षणभर पांढरी होते, वारा पडला की पुन्हा हिरवी. मी तासन्तास हा खेळ पाहात बसलेला आहे. वाळवल्यावर पानाचं हिरवं तपकिरी होतं, फुलाचं जांभळं मातकट होतं, चांदी मात्र तशीच राहते.

या सगळ्या बहुवर्षायू वेली. बुंधा लाकडासारखा घट्ट होतो. उन्हाळ्यात पानं गळून नुसता दोरखंड टाकल्यासारखा दिसतो, आणि पाऊस मुरला की तीच वेल पुन्हा शेजारच्या झाडाच्या खांद्यावर चढते. देठ मोडला तर दुधासारखा चीक येतो. फूल कर्ण्याच्या घाटाचं, गुलाबी-जांभळं, घसा गडद. सकाळी उमलतं आणि दुपार कलली की मान टाकतं. फळ सुपारीएवढं. ते पिकून वाळतं आणि त्याच्याखालची हिरवी दलं कडक होऊन उघडतात, तेव्हा कुणी लाकडातून फूल कोरून ठेवल्यासारखं वाटतं.

सिलोन, ब्रह्मदेश, सयाम, जावा असा या प्रजातीचा मोठा पसारा आहे. आपल्याकडे लहान पानांच्या काही जाती सह्याद्रीच्या उतरणीवर, रानाच्या कडेकडेने राहतात आणि डोंगर सोडून खाली यायला राजी नसतात. खाली किनाऱ्यावर राहते ती एकच, पण सगळ्यांत देखणी: समुद्रशोक. वैद्यमंडळी तिला वृद्धदारुक म्हणतात. पान सुपासारखं रुंद. नावात समुद्र आहे, पण भरतीच्या रेषेच्या आत मी ती एकदाही पाहिली नाही. खाऱ्या पाण्यापासून जरा दूर, कुठल्यातरी विहिरीवर नाहीतर कुंपणावर बसून ती समुद्राकडे बघत असते.

प्रोफेसरांनी भिंतीवर कुलाबा जिल्हा आणि जंजिरा संस्थान यांचा नकाशा लावला होता. वेल सापडेल त्या गावी टाचणी. डोंगरातल्या जातींच्या टाचण्या शहाण्या मुलांसारख्या ओळीत बसल्या. समुद्रशोकाच्या मात्र वाटेल तिथे. प्रोफेसरांना एकच कोडं पडलं होतं: ही वेल इथलीच, की कुणी आणलेली? इथली असेल तर माती, पाऊस, उंची यांचा काहीतरी हिशेब लागला पाहिजे. "झाडाला पाय नसतात," ते म्हणत. "ते जिथे आहे तिथे का आहे, याला कारण असतंच." कारण शोधायला मला पाठवत.

आणि मी आनंदाने जात असे. माझी चाल मुळात मंद. वाटेत 'तर' लागे, म्हणजे खाडी ओलांडायची होडी. ती भरतीची वाट बघते आणि तिची वाट बघत झाडाखाली बसणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. तो मी मनापासून केला. गावोगाव लोक मला "पालेवाले" म्हणत. काही जण वैद्य समजून जीभ दाखवत. मिठाच्या सत्याग्रहाच्या धामधुमीत कागदांचा गठ्ठा घेऊन मिठागराच्या बांधांवर फिरणारा माणूस म्हणजे सरकारचा हेर, असंही उरणच्या काही मंडळींनी ठरवलं होतं. मी विचारलं की ती तोंडात मिठाची गुळणी धरत.

त्याच उरणला माझ्या पायाला गळू झालं. खाऱ्या पाण्यात चालून चालून टाच इतकी ठणकू लागली की एका व्यापारी मुसलमान घराच्या ओट्यावर मी बसकण मारली ती मारलीच. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी पाय पाहिला, आत गेल्या आणि समुद्रशोकाचं पान घेऊन आल्या. पानाची चांदीची बाजू गळवावर ठेवून फडकं बांधलं आणि म्हणाल्या, "ही बाजू खेचते. फुटलं का मग हिरवी बाजू लावा, ती जखम भरून आनते." गळू फुटलं. दुसरं पान मी माझ्या हाताने बांधलं, आणि मनात पक्कं की या पानाची दौलत पाठीवरच! चांदीची बाजू पुन्हा जखमेवर. टाच अशी काही सुजली की मला ओट्यावरच ताप भरला. म्हाताऱ्या बाईंनी फडकं सोडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पालेवाले म्हनवता न् पान सरळ लावता येत न्हाय?"

त्या तापात मी ओट्यावर पडून वर बघत होतो. वासे, कौलं आणि कौलांवरून खाली लोंबलेली वेल. तिची फुलं पांढरी होती. मला वाटलं, तापामुळे तसं दिसतंय. ताप उतरला तरी फुलं पांढरीच. घशात जांभळी छटा अगदी पुसट, बाकी सगळं दुधासारखं. सगळ्या किनाऱ्यावर असं फूल मी पाहिलं नव्हतं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "सासूनं लावलेली. सासू खालच्या अंगाची," आणि हाताने दक्षिणेकडे समुद्र दाखवला.

प्रोफेसरांनी नकाशावर या वेलीसाठी पांढरी टाचणी टोचली आणि मला खालच्या अंगाला धाडलं. पुढची बरीच वर्षं मी इतर कामं करता करता ती पांढरी फुलं शोधत होतो. दर भाद्रपदात वाटायचं, या वळणापलीकडे असतील. पोफळीच्या वाड्या, केतकीची बनं, वाळूवर ओढलेल्या होड्या, पुन्हा वाड्या. गुलाबी फुलं सगळीकडे. शेवटी थळला, एका कोळ्याच्या दारात, जाळी वाळत घातलेल्या काठ्यांवर ती मला भेटली.

घर तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं होतं. त्याची बायको हिराबाई बोंबील उलटेपालटे करत होती.

"ही वेल कुठली हो?" मी विचारलं.

"दिघीच्या हव्वाबीची," ती मान वर न करता म्हणाली. "आमचे तांडेल वादलात दिघीला अडकले व्हते. हव्वाबीच्या घरी रायले, आजारी पडले, तिनंच बरे केले. निघाले तवा त्यांच्या हाती दिली, तुजे नव्या नवरीला ने म्हनून. पोरीला देतात तशी दिली."

"पोरीला देतात म्हणजे?"

आता तिने मान वर केली. मी इतका अडाणी असेन असं तिला वाटलं नव्हतं. "त्यांच्यात पोरीचं लगीन ठरलं का वेलीची फांदी मातीत दाबतात, वर धोंडा ठेवतात. पोर निघंपरत फांदीला मुळं फुटतात. मंग करवंटीत घालून संगं देतात. मुळं न्हाय फुटली तर लगीन लांबवतील, पन पोरीला रिकामी न्हाय धाडायचे."

मी तिथेच वाळूवर बसलो. प्रोफेसर म्हणत, झाडाला पाय नसतात. उरणच्या त्या सासूबाई खालच्या अंगाहून आल्या होत्या, दिघीहून. माती नाही, पाऊस नाही, उंची नाही; ही वेल होडीत बसून, करवंटीतून, नव्या नवरीच्या मांडीवर किनारा चढत आली होती. आमच्या नकाशावरची ती पांढरी टाचणी आणि आता इथे लागणारी दुसरी, दोन्ही कुणाची तरी सासरं होती. मला इतका आनंद झाला की हिराबाईने दिलेलं ताजं सुकट मी शाकाहारी असूनही नको म्हटलं नाही. पिशवीत ठेवलं. प्रोफेसरांच्या नाकाला पुन्हा रुमाल.

दिघी राजपुरीच्या खाडीच्या पल्याड आहे आणि अल्याड आगरदांडा. त्याच मोसमात मी आगरदांड्याला पोचलो तेव्हा ओहोटी होती, आणि तर धक्क्याला लागायला वेळ होता. सवयीने झाडं बघत हिंडलो आणि धक्क्याजवळच्या एका घराच्या दारावरच पांढरी फुलं दिसली. घर कासम नावाच्या मचवेवाल्याचं. तो लाकडं आणि कौलं भरून मुंबईला ने-आण करी. दारात त्याची बायको मरियम उभी होती, चाळिशीच्या आतबाहेरची, ताठ मानेची बाई. मी फांदी मागितली. तिने स्वतः कोयतीने कापून दिली, चीक हाताला लागू नये म्हणून राख पण दिली. ही बाई वेल ओळखून होती.

"दिघीला जाता?" तिने विचारलं.

"धक्क्याला तर लागली की."

"तिकडं एक वेल हाय. इस्माईलच्या घरामागं, विहिरीवर चढलेली. ती जिती हाय काय, तेवडं बगून या. हितनं दिसत न्हाय."

खाडीपलीकडची दिघीची घरं दिसत होती. कुणी अंगणात कपडे वाळत घातले तर तेही दिसलं असतं. "वेल कुणाची?" मी विचारलं.

"वेल वेलीची," ती म्हणाली आणि आत गेली.

दिघीला ती वेल शोधावी लागली नाही. विहीर, विहिरीवरचा रहाट आणि बाजूचं उंडीचं झाड एवढं सगळं तिने आपल्या पदराखाली घेतलं होतं. ही मूळ वेल. बुंधा माझ्या मांडीएवढा. विहिरीच्या काठावर हव्वाबी तांदूळ निवडत बसल्या होत्या. वारा आला, वेल पांढरी झाली, पडला, हिरवी झाली. मी नाव सांगितलं, काम सांगितलं, कुठून आलो ते सांगितलं. आगरदांड्याचं नाव ऐकून त्यांचे हात थांबले.

"पल्याडच्या वेलीला फूल कसं हाय?"

"पांढरं. यंदा भरगच्च आलंय."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "माजी पोर हाय ती," म्हणाल्या.

मग दुपार कलेपर्यंत त्या बोलत होत्या. मुलगा इस्माईल, त्याच्या लग्नात दस्तरखानावर जावई कासम जेवायला बसला होता. उशिरा आलेल्या कुणा मोठ्या पाहुण्याला जागा हवी म्हणून कुणीतरी त्याला उठवलं. कासम अर्ध्या जेवणावरून उठला आणि सरळ होडीत जाऊन बसला. मरियम त्याच्यामागे निघाली. आणि दारात, सगळ्यांच्या देखत, हव्वाबी तिला म्हणाल्या: त्याच्यामागं गेलीस तर मना तू मेलीस. मरियम गेली. इस्माईलने कसम घेतली की या घरचं माणूस त्या दारात जाणार नाही आणि तिथलं इथे येणार नाही. खाडी मध्ये, दोन्ही घरं एकमेकांना दिसतात आणि इतकी वर्षं शब्द नाही.

"दिवाळीनंतर मी हजला जाते," हव्वाबी म्हणाल्या. "भाऊ हाय संगं. जान्याआधी दारोदार जाऊन कहासुना माफ करा म्हनायचं असतं. गाव सगळं झालं. ज्यांच्याशी कधी बोलले न्हाय त्यांचीबी माफी मागून झाली. एक दार रायलं. ते रायलं तर माजं जानंच फुकट, पालेवाले. तुमी पाल्यासाठी कुटंबी जाता, तुमाला कोन अडवनार? तिला सांगा, त्या दिशी मी जखमेवर चांदीची बाजू लावली. आता हिरवी लाव म्हनावं."

मी घाबरलो. झाडं गोळा करणारा माणूस मी. सासर-माहेरच्या भांडणात पडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवेना. पांढऱ्या फुलाच्या कळ्या हव्या आहेत असं तरीवाल्याला सांगून मी परत आगरदांड्याला गेलो आणि निरोप जसाच्या तसा सांगितला.

मरियमने सगळं ऐकून घेतलं. "वेल जिती हाय?" तिने आधी विचारलं.

"विहिरीसकट सगळं व्यापून बसलीय."

ती थोडी हसली. मग म्हणाली, "माफी पाल्याच्या पिशवीतनं न्हाय जात. मेलीस म्हनाली ती माज्या तोंडावर. माफ कर म्हनायचं तर तेबी तोंडावर. यायला सांगा तिला."

दुसऱ्या दिवशी दिघीच्या अंगणात मी हे सांगितलं तेव्हा इस्माईल तिथेच होता, होडीच्या फटीत काथ्या ठोकत. मला वाटलं, आता तो हातोडी माझ्यावर उगारतो. तो फक्त म्हणाला, "मां, माजी कसम हाय. या घरचं मानूस त्या दारात जायचं न्हाय."

"न्हाय ना जायचं?" हव्वाबी उठल्या. "हजची नियत केली तवापासनं मी या घरची कुटं? मी अल्लाच्या घरची पावनी. पावनीला तुजी कसम कशी लागंल रे?"

इस्माईलने उरलेली फट काथ्या ठोकून बुजवली. मग त्याने होडी पाण्यात लोटली आणि वल्हं हातात घेतलं. मला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी गठ्ठा घेऊन मागे बसलो. पाणी इतकं संथ होतं की वल्ह्याचा आवाजही खटकावा. दूर जंजिऱ्याचा किल्ला उन्हात तरंगत होता. हव्वाबी हात पाण्यात सोडून बसल्या होत्या. ती दुपार मला अजून कधी कधी झोपेत दिसते, आणि जाग आली की वाटतं आपण अजून होडीतच आहोत.

आगरदांड्याला इस्माईल उतरला नाही. होडी काठाला लावून घराकडे पाठ करून बसला. हव्वाबी एकट्या वर चढल्या. मी त्यांच्या मागे दोन झाडं सोडून. मरियम उंबऱ्यात उभी होती, कासम तिच्या मागे. तिने पुढे होऊन हात दिला नाही. म्हाताऱ्या बाईंनी वेलीखाली उभं राहून दम घेतला.

"मरियम, कहासुना माफ कर. त्या दिशी बोलले ते माफ कर."

"न्हाय करत," मरियम म्हणाली.

हव्वाबींनी भिंतीचा आधार घेतला.

"माफ केली का तू मोकळी होशील," मरियम म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "मग तिकडंच डोळं मिटशील. सगळी म्हातारी तिकडं जाऊन तेच मागतात, मना काय म्हाईत न्हाय? मी इतकी वर्सं मेलेली रायले. आता तू न्हाय मरायचं. माजी माफी हितं ठेवलीय, या घरात. परत ये, मग बगू. आता आत ये. जेवून जा."

दोघी आत गेल्या आणि मी वेलीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि वनस्पतिशास्त्राच्या माणसाने लोकांच्या दारात रडणं बरं दिसत नाही. थोड्या वेळाने कासम बाहेर आला. त्याच्या हातात झाकलेलं ताट होतं. तो खाली धक्क्यावर गेला, ताट होडीच्या काठावर ठेवलं आणि परतला. इस्माईलने बऱ्याच वेळाने मान वळवून ताटाकडे पाहिलं. होडीत बसून जेवायला कसमेची आडकाठी नव्हती. ताट घासूनपुसून परत आलं.

मुंबईला आल्यावर हे सगळं मी प्रोफेसरांना सांगितलं. निम्मं सांगून होईपर्यंत ते टेबलावरून उठून नकाशापुढे उभे राहिले होते. "म्हणजे मी मातीचा नकाशा काढत होतो आणि निघाला मुलींचा," ते म्हणाले. चिडतील असं मला वाटलं होतं. ते खूष झाले. गुलाबी समुद्रशोकाचाही असाच कुणी माग काढला तर काय काय निघेल, यावर तासभर बोलले. मग शास्त्र आठवून त्यांनी विचारलं, "पिकलं फळ आणलंत?" फळ कुठून आणणार, वेल नुकती फुललेली. "मग फळाला पुन्हा जावं लागेल."

तो हिवाळा मला लांब गेला. हाजींची बोट सुटली त्या दिवशी मी बंदरावर जाऊन आलो, पण गर्दीत हव्वाबी दिसल्या नाहीत. कॉलेजात पांढऱ्या फुलांचे कागद टाचताना मन थाऱ्यावर नसायचं. वाळलेली झाडं सांभाळणाऱ्या माणसाला एक खोड लागते: ज्याला हात लावला ते कागदावर जाणारच, असं वाटू लागतं. मरियमने माफी रोखून धरली ती प्रेमाने, हे कळत होतं. पण म्हातारं शरीर, लांबचा समुद्र, परक्या मुलखातलं ऊन. त्या परत आल्याच नाहीत तर मरियमकडे काय उरेल? न दिलेली माफी घेऊन ती बाई त्या दारात कशी राहील? कागद बदलता बदलता मी हेच घोळवत असे. सौभाग्यवतींना सांगितलं तर म्हणाली, "आता तुम्ही माणसंपण वाळवायला लागलात."

त्या कपाटांचं पुढे काय झालं, ते सांगण्यासारखं नाही. निवृत्तीनंतर एकदा गेलो होतो. किल्ली कुणाकडे आहे, हेच कुणाला सांगता येईना. किनाऱ्यावरही आता कुंपणं तोडून सिमेंटच्या भिंती होतात, आणि समुद्रशोक म्हणजे भिंतीला तडे पाडणारी वेल, म्हणून तिच्या मुळावर चुना ओततात. ज्या गळवाला पूर्वी पान लागायचं त्याला आता सुई लागते, आणि ते बरंच आहे. पण नव्या नवरीबरोबर काय देतात, ते मला ठाऊक नाही.

त्या हिवाळ्याच्या अखेरीस, फळं पिकायच्या सुमाराला मी आगरदांड्याला उतरलो. धक्क्यावरून वर चढेपर्यंत कुणाला काही विचारायचा धीर झाला नाही. घराच्या बाहेरच मोठ्याने भांडण ऐकू आलं. आमटीत आमसुलं किती घालायची यावरून दोन बायका हमरीतुमरीवर आल्या होत्या. त्यांतला एक आवाज म्हातारा होता.

मी वेलीखाली उभा राहून फळं काढू लागलो. मरियम बाहेर आली, टोपली धरून उभी राहिली. चेहरा रागाने लाल, पण डोळे निवलेले.

"कधी आल्या?" मी विचारलं.

"बोटीनं आली ती आधी हितंच उतरली. आता दर जुम्म्याला येते. इस्माईलच आनून सोडतो. होडीतच बसतो मेला, उतरत न्हाय, पन ताट लागतं त्याला."

"मग, माफ केलंत ना आता?"

तिने दाराकडे पाहिलं. आत हव्वाबी अजून आमसुलांवरून पुटपुटत होत्या. मरियमने आवाज खाली आणला.

"दर खेपेला मागते ती. मी दर खेपेला म्हनते, पुढच्या जुम्म्याला बगू."